तीव्र लेसर प्रकाशात आर्गॉनचे आयनीभवन : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, नौपाडा, ठाणे

पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या दोन विद्यार्थ्यांनी यंदाच्या प्रकल्पासाठी तीव्र लेसर प्रकाशात होणारे आयनीभवन, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सुटून जाणे, हा विषय घेतला आहे. त्यांपैकी एक ऐरोलीहून येतो आणि दुसरी कळव्याची आहे. मार्गदर्शक म्हणून नोंदवही ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. या विषयाला लागणारा लेसर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. ठाण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो असण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे आमचे सगळे काम कागदावर आणि संगणकावर होईल. मला ती उणीव वाटत नाही, कारण या विषयातील कळीचे प्रश्न पेन्सिल आणि आलेख-कागद घेऊन बसले तरी बरेचसे सुटतात.

प्रश्न असा ठरवला आहे : आर्गॉनच्या एकट्या अणूवर लेसरचा स्पंद, म्हणजे अत्यल्प काळ टिकणारा झोत, येऊन पडला, तर कोणता इलेक्ट्रॉन साधारण कोणत्या क्षणी निघून जातो, आणि स्पंद आपल्या शिखरावर पोहोचतो तेव्हा त्या जागी नेमके काय उरलेले असते?

एककांबाबत एक संकेत ठरवून ठेवतो. तीव्रता टेरावॅटमध्ये, म्हणजे लाख कोटी वॅटमध्ये, आणि त्याच्या हजारपट असलेल्या पेटावॅटमध्ये लिहायची. "प्रति चौरस सेंटिमीटर" हे शब्द सर्वत्र गृहीत धरायचे. तरंगलांबी ८०० नॅनोमीटर घेतली आहे, कारण अशा प्रयोगांत सर्रास वापरला जाणारा टायटेनियम-सफायर लेसर याच तरंगलांबीच्या आसपास चालतो.

११ जून

फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजण्यापासून सुरुवात केली. ८०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) आणि आर्गॉनचा पहिला इलेक्ट्रॉन सोडवायला लागतात १५.७६. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या प्रकाशविद्युत परिणामाच्या स्पष्टीकरणानुसार असा फोटॉन कितीही संख्येने ओतला तरी इलेक्ट्रॉन हलायला नको. "मॅडम, मग ते स्पष्टीकरण तीव्र प्रकाशात खोटे ठरते का?" असा प्रश्न कळव्याच्या विद्यार्थिनीने विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. ते खोटे ठरत नाही. एका इलेक्ट्रॉनला एका वेळी एकच फोटॉन भेटतो, ही त्या काळातल्या प्रकाशस्रोतांना लागू पडणारी अट मात्र सुटते. दोन फोटॉन एकाच घटनेत शोषले जाऊ शकतात हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्येच गणिताने दाखवले होते. पण तेवढा दाट प्रकाश मिळायला १९६० सालचा लेसर यावा लागला. १९६५ मध्ये वोरोनोव्ह आणि डेलोन यांनी रूबी लेसर वापरून झेनॉनच्या अणूचे सात फोटॉनांच्या मदतीने आयनीभवन घडवले.

आमच्या हिशेबात आर्गॉनच्या पहिल्या इलेक्ट्रॉनला किमान ११ फोटॉन लागतात. आठव्या इलेक्ट्रॉनची आयनीभवन ऊर्जा सुमारे १४३.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे किमान ९३ फोटॉन. त्र्याण्णव फोटॉन एका इलेक्ट्रॉनने एका दमात गिळले असे म्हणणे चूक नाही, पण त्यातून काहीच समजत नाही. इतक्या तीव्र प्रकाशाकडे झपाट्याने उलटसुलट होणारे विद्युतक्षेत्र म्हणून पाहणे जास्त फलदायी आहे. यापुढे तीच दृष्टी ठेवायची असे ठरले.

२२ जून

आज संगणक बंद ठेवून आलेख-कागदावर काम केले. आडव्या अक्षावर केंद्रकापासूनचे अंतर, उभ्या अक्षावर इलेक्ट्रॉनची स्थितिज ऊर्जा. आधी हायड्रोजनची खोल विहीर पेन्सिलने काढली आणि तिच्यात उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर इलेक्ट्रॉनच्या पातळीची आडवी रेघ मारली. मग लेसरच्या क्षेत्राची तिरकी रेघ काढून दोन्हींची बेरीज बिंदू-बिंदूने मांडली. बेरजेचा वक्र एका बाजूला वर चढत जातो आणि दुसऱ्या बाजूला एक उंचवटा पार करून खाली उतरत जातो. त्या उतरत्या बाजूला विहिरीची भिंत आता भिंत राहिलेली नसते. मर्यादित जाडीचा अडथळा तेवढा उरतो. तिरकी रेघ जसजशी जास्त उभी केली तसतसा तो उंचवटा खाली आला आणि केंद्रकाच्या जवळ सरकला, आणि एका क्षेत्राला त्याचा माथा नेमका त्या आडव्या रेघेला येऊन टेकला. विद्यार्थ्यांनी पट्टी सरकवत हे स्वतः पाहिले, त्यामुळे पुढचे सूत्र त्यांना पाठ करावे लागले नाही.

ज्या क्षेत्राला माथा टेकतो ते क्षेत्र म्हणजे अडथळा पूर्ण दबण्याची सीमा. हायड्रोजनमध्ये पहिल्या कक्षेवर केंद्रकाचे स्वतःचे क्षेत्र ५१.४ व्होल्ट प्रति ॲंगस्ट्रॉम (सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग) असते. आणि अडथळा दाबायला त्याचा सोळावा हिस्सा, म्हणजे ३.२ व्होल्ट प्रति ॲंगस्ट्रॉम, पुरतो. उंचवट्याचा माथा त्या वेळी केंद्रकापासून २.१ ॲंगस्ट्रॉमवर असतो. हे क्षेत्र १३७ टेरावॅट तीव्रतेच्या प्रकाशात मिळते. अणूच्या आतल्या क्षेत्राची बरोबरी करायची तर ३५ पेटावॅट लागले असते. अणू मोडायला अणूइतके बळ लागेल ही स्वाभाविक कल्पना इथे दोनशेहून अधिक पटींनी चुकते, आणि मला वाटते की या विषयाचे खरे दार इथेच उघडते.

कोणत्याही अणूसाठी किंवा आयनासाठी हाच हिशेब असा होतो : आयनीभवन ऊर्जेचा इलेक्ट्रॉन-व्होल्टमधला आकडा घ्यायचा, त्याचा चौथा घात करायचा, इलेक्ट्रॉन गेल्यावर मागे उरणाऱ्या आयनाच्या प्रभाराच्या वर्गाने भागायचे आणि ४०० कोटींनी गुणायचे, येणारे उत्तर वॅटमध्ये असते. चौथा घात आहे, म्हणून ऊर्जेतला लहानसा फरकही तीव्रतेत मोठा होऊन दिसतो.

२९ जून

अडथळा पूर्ण दबण्याची वाट इलेक्ट्रॉन पाहत नाही. पुंजयांत्रिकीनुसार अडथळा पातळ झाला की तो पार करून बाहेर पडण्याची शक्यता शून्य राहत नाही, हेच टनेलिंग. दोलायमान क्षेत्रात हे चित्र केव्हा लागू पडते याचा निकष केल्डिश यांनी १९६४ मध्ये दिला : आयनीभवन ऊर्जा आणि मुक्त इलेक्ट्रॉनला प्रकाशात मिळणारी सरासरी दोलन-ऊर्जा यांच्या गुणोत्तरावरून एक अंक काढायचा, तो एकापेक्षा बराच मोठा असेल तर फोटॉन मोजणे सोयीचे, आणि लहान असेल तर टनेलिंगचे चित्र खरे. आर्गॉनचा पहिला इलेक्ट्रॉन आपल्या सीमेवर असताना हा अंक ०.७३ येतो आणि आठव्याच्या सीमेवर ०.२१. म्हणजे आयनाचा प्रभार जसा वाढत जातो तसे आमचे चित्र अधिकाधिक भरवशाचे होत जाते.

हायड्रोजनवर स्थिर क्षेत्र लावले तर टनेलिंगच्या दराचे सूत्र इतके आटोपशीर आहे की गणकयंत्रावर ते सोडवता येते, म्हणून तिघांनी ते स्वतंत्रपणे सोडवून ताडून पाहिले. १०० टेरावॅटच्या शिखराइतके क्षेत्र कायम ठेवले तर इलेक्ट्रॉन सरासरी ८६ फेम्टोसेकंदांत निघून जातो (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा, आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग). तीव्रता ५० टेरावॅट केली की तोच काळ १०.७ पिकोसेकंद होतो. तीव्रता निम्मी झाली आणि प्रतीक्षा जवळजवळ सव्वाशे पटींनी वाढली. आर्गॉनसारख्या अणूंसाठी आणि त्यांच्या आयनांसाठी अमोसोव्ह, डेलोन आणि क्रायनोव्ह यांचे १९८६ सालचे सूत्र वापरायचे ठरवले आहे. ते सीमेच्या वर गेले की दर फुगवून सांगते; तिथे वेगळी काळजी घ्यावी लागेल.

९ जुलै

पावसामुळे ट्रान्स-हार्बरच्या गाड्या रखडल्या आणि ऐरोलीच्या विद्यार्थ्याने घरूनच काम केले. एका दोलनाच्या आत काय होते ते त्याने मोजून पाठवले. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे एक दोलन २.६७ फेम्टोसेकंदांचे असते आणि त्यात क्षेत्र दोनदा कमाल होते. हायड्रोजन आणि १०० टेरावॅट घेतले तर टनेलिंग प्रत्येक कमालीभोवतीच्या सुमारे २९० ॲटोसेकंदांत (ॲटोसेकंद म्हणजे फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) एकवटते, आणि उरलेला बहुतेक काळ अणूला जणू प्रकाशाचा स्पर्शच नसतो. गणनेतील काळाची पायरी यापेक्षा पुष्कळ लहान ठेवणे भाग आहे.

१९ जुलै

आर्गॉनच्या सीमा मांडल्या. पहिला इलेक्ट्रॉन २४७ टेरावॅटला, दुसरा ५८३ ला, तिसरा १.२ पेटावॅटला, चौथा ३.२, पाचवा ५.०, सहावा ७.७, सातवा १९.५ आणि आठवा २६.५ पेटावॅटला सुटतो. सहाव्या आणि सातव्या यांच्यामध्ये एक उडी दिसते, कारण सहाव्यापर्यंत बाहेरच्या कवचाच्या वरच्या उपकवचातले इलेक्ट्रॉन निघत असतात आणि सातव्यापासून त्याच कवचातल्या अधिक घट्ट बसलेल्या जोडीला हात घालावा लागतो. नववा इलेक्ट्रॉन आतल्या पूर्ण भरलेल्या कवचातला आहे. त्याची आयनीभवन ऊर्जा ४२२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर आहे आणि त्याची सीमा १,५७० पेटावॅटवर जाते. पहिल्यापासून आठव्यापर्यंत जाताना तीव्रता सुमारे १०७ पट वाढवावी लागली, आणि त्यानंतरच्या एकाच इलेक्ट्रॉनसाठी आणखी सुमारे साठ पट.

आवर्त सारणीत आर्गॉन कुठे बसतो हे आपण शाळेपासून शिकवतो. तीच मांडणी इथे तीव्रतेच्या आकड्यांतून वर येते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते आणि विद्यार्थ्यांनी ती अहवालात मोकळेपणाने लिहावी असे मी सांगितले आहे.

२० जुलै

आजची नोंद प्रकल्पाच्या मुख्य प्रश्नाची आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

स्पंद घंटाकृती घेतला. निम्म्या तीव्रतेवरील त्याची रुंदी ३० फेम्टोसेकंद आणि शिखर ३० पेटावॅट. निम्म्या तीव्रतेवर १० मायक्रोमीटर रुंद राहील इतक्या लहान ठिपक्यावर तो केंद्रित केला, तर अशा स्पंदाची एकूण ऊर्जा जेमतेम १ मिलिज्यूल भरते, म्हणजे दहा ग्रॅम वजन एक सेंटिमीटर उचलायला लागते तेवढीच. एवढ्याशा ऊर्जेत एवढी तीव्रता मिळते ती काळ आणि जागा या दोन्ही कमालीच्या आकसल्यामुळे. १९८५ मध्ये स्ट्रिकलंड आणि मूरू यांनी स्पंद आधी ताणून, मग वर्धित करून, शेवटी पुन्हा दाबण्याची पद्धत दाखवली. त्याआधी असे स्पंद वाढवू जावे तर वर्धकाचाच स्फटिक खराब होण्याची भीती असे. त्या कामाला २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या स्पंदाची वाढती बाजू अणूवरून जाऊ दिली आणि प्रत्येक सीमा कोणत्या क्षणी ओलांडली जाते ते काढले. शिखराच्या ३९.५ फेम्टोसेकंद आधी पहिली सीमा ओलांडली जाते. दुसरी ३५.८, तिसरी ३२.२, चौथी २७.०, पाचवी २४.१, सहावी २१.०, सातवी ११.८ आणि आठवी ६.३ फेम्टोसेकंद आधी. पहिल्या सीमेपासून आठवीपर्यंत ३३ फेम्टोसेकंद, म्हणजे प्रकाशाची बारा-साडेबारा दोलने. टनेलिंगच्या दराने केलेल्या पूर्ण गणनेत यातील क्षण थोडे पुढेमागे होतात, पण क्रम आणि अंतरांचा घाट तोच राहतो.

या आकड्यांचा अर्थ असा की ३० पेटावॅटचा प्रकाश उदासीन आर्गॉनला कधी दिसतच नाही. उदासीन अणू काही शेकडा टेरावॅटच्या पायरीवरच संपतो. एक प्रभाराचा आयन त्याच्या पुढच्या पायरीवर संपतो. आणि शिखराला सामोरा जातो तो आठ इलेक्ट्रॉन गमावलेला, आतले कवच शाबूत असलेला आयन, जो या तीव्रतेला सहज पुरून उरतो. "इतक्या तीव्र प्रकाशात अणूचे काय होते?" हा प्रश्न आपण ज्या रूपात विचारतो ते रूपच बदलायला हवे, कारण प्रत्येक आयनाला आपापली तीव्रता ठरलेली आहे आणि त्यापलीकडचा प्रकाश त्याच्या वाट्याला येत नाही. शिखर दुप्पट केले तरी पहिल्या इलेक्ट्रॉनला त्याच २४७ टेरावॅटच्या आसपास निघावे लागते. तो फक्त थोडा आधी निघतो.

यातूनच उलटा मार्गही निघतो. अशा ठिपक्यावर मापक ठेवायची सोय नाही, कारण कोणताही मापक तिथे टिकणार नाही. पण तिथे विरळ आर्गॉन सोडला आणि बाहेर आलेल्या आयनांत सर्वांत जास्त प्रभार किती आहे ते पाहिले, तर शिखराची तीव्रता किमान किती होती हे आयनच सांगतात.

२७ जुलै

वरचा हिशेब एकाच जागेचा होता. प्रत्यक्षात ठिपक्याच्या मध्यापासून दूर जावे तशी तीव्रता घटते आणि कमी तीव्रतेचा प्रदेश आकारमानाने मोठा असतो, म्हणून आठ प्रभारांचे आयन मधल्या लहानशा भागातून येतात आणि एक-दोन प्रभारांचे आयन भोवतालच्या मोठ्या भागातून. ही सरासरी गणनेत धरल्यावर पायऱ्यांच्या कडा बोथट झाल्या आणि प्रत्येक प्रभाराचे आयन मध्यभागी संपृक्त झाल्यावरही, म्हणजे तिथे सोडवायला काही उरले नसतानाही, त्यांची एकूण संख्या तीव्रतेच्या दीड घाताने वाढत राहिली. प्रायोगिक आलेखांत हाच दीड घाताचा उतार ओळखीची खूण मानला जातो.

आयन मोजण्याची रीतही तपासली. आयन एका विद्युतक्षेत्रात खेचून नळीतून सोडतात आणि शोधकापर्यंत पोहोचायला लागणारा काळ मोजतात; तो काळ वस्तुमान भागिले प्रभार या अंकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आर्गॉनचे वस्तुमान ४०, म्हणून एक प्रभाराला ४०, चार प्रभारांना १०, आठ प्रभारांना ५. पाच प्रभारांच्या आर्गॉनचा अंक ८ येतो, आणि निर्वात पेटीत उरलेल्या पाण्याच्या वाफेतून निघालेल्या दोन प्रभारांच्या ऑक्सिजनचा अंकही ८ च आहे. मोजमापाच्या आलेखावरील त्या शिखरावर विसंबून राहता येणार नाही. आठ प्रभारांच्या आर्गॉनची ५ ही जागा मात्र उरलेल्या हवेच्या आणि पाण्याच्या आयनांपासून मोकळी आहे.

३ ऑगस्ट

आमचे प्रारूप इलेक्ट्रॉन एकामागून एक, एकमेकांशी संबंध न ठेवता निघतात असे मानते. निसर्ग सर्वत्र हे पाळत नाही. हीलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन सोडवायची सीमा ८.८ पेटावॅट आहे, तरी १ पेटावॅटच्या खालीही दोन प्रभारांचे हीलियम आयन क्रमवार हिशेबापेक्षा कैक पटींनी जास्त मिळतात. वॉकर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या मोजमापात हा फरक आलेखावर गुडघ्यासारख्या वळणाने स्पष्ट दिसतो. कॉर्कम यांनी १९९३ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार सुटलेला इलेक्ट्रॉन क्षेत्र उलटल्यावर आपल्याच आयनावर येऊन आदळू शकतो. ५०० टेरावॅटला परतणाऱ्या इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा सुमारे ९५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते, आणि हीलियम आयनाला ५४.४ पुरतात. प्रकाश वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा, म्हणजे क्षेत्राची दिशा सतत फिरत राहणारा, केला की इलेक्ट्रॉन माघारी येत नाही आणि हा वाटा जवळजवळ नाहीसा होतो. आर्गॉनच्या दुसऱ्या प्रभाराच्या आलेखावर, कमी तीव्रतेच्या बाजूला, ही मर्यादा ठळक अक्षरांत लिहायची.

१० ऑगस्ट

२६.५ पेटावॅटपासून १,५७० पेटावॅटपर्यंत आर्गॉन आठ प्रभारांवरच थांबतो, म्हणून या पट्ट्यात तो तीव्रतेबद्दल काहीच सांगत नाही. पट्टा लहान नाही. निऑनचा हिशेब केला तेव्हा त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन ४१ पेटावॅटला, सहावा ६९ ला, सातवा १५१ ला आणि आठवा २०४ ला सुटतो असे आले. आर्गॉनची मोकळी जागा निऑन बरीचशी भरून काढतो.

दोन्ही वायू एकत्र सोडावेत अशी विद्यार्थ्यांची सूचना होती, पण ती वस्तुमानांमुळे मागे पडली. निऑनचे वस्तुमान २० आहे, त्यामुळे एक प्रभाराचा निऑन दोन प्रभारांच्या आर्गॉनवर पडतो, दोन प्रभारांचा चारवर, आणि चार प्रभारांचा नेमका आठ प्रभारांच्या आर्गॉनवर, जिथे आम्हाला स्वच्छ शिखर हवे आहे. वायू एकामागून एक सोडायचे असे धरूनच गणना करायची. निऑनच्या पाच प्रभारांच्या आयनाचा अंक ४ आहे आणि पंपाच्या तेलातून आलेल्या तीन प्रभारांच्या कार्बनचाही ४ आहे. पण नैसर्गिक निऑनमध्ये सुमारे ९ टक्के अणू २२ वस्तुमानाचे असतात, म्हणून खऱ्या निऑनच्या शिखराशेजारी ४.४ वर एक लहान शिखर दिसायलाच हवे, आणि कार्बनशेजारी ते दिसणार नाही. पुढच्या गणनेत दोन्ही समस्थानिके त्यांच्या प्रमाणांसह घालायची आहेत. ते काम कळव्याच्या विद्यार्थिनीने घेतले आहे.